आठवं चाक

"माझा तांब्या कुठं आहे?"

गोदाकाकू कामाच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. कमरेला पदर खोचलेला, हातात रिकामी कळशी. मुकुंदशेटनी वर पाहिलं नाही. त्यांच्या हातातली कानस तेवढी थांबली.

"कुठला तांब्या?"

"कुठला म्हणे! आईनं दिलेला, पितळेचा. आठ वर्षांत घरातली तीन ताटं, दोन समया नि आमटीची वाटी तुमच्या या राक्षसानं गिळली. आता तांब्याची पाळी होय?"

"तांब्या घरातच आहे," शेट म्हणाले. "जरा चपटा झालाय, इतकंच."

काकूंनी कळशी उंबऱ्यावर आपटली. "आवडे, ऐकलंस गो? उद्या मला वितळवतील. सांभाळ मला."

मी वही मांडीवर घेऊन भिंतीशी बसले होते. हसू आवरत होते. काकू मागीलदारी गेल्या, तसं शेटनी मला बोटानं जवळ बोलावलं आणि फडक्याखालून एक चाक बाहेर काढलं. भाकरीएवढं. नुकतं घासलेलं, चुलीतल्या निखाऱ्यासारखं तांबूस पिवळं.

"बघ. आठवं चाक."

माझं हसू तिथंच सुकलं.

ही गोष्ट स्वातंत्र्याच्या दहाएक वर्षं आधीची. कातळबंदरला तेव्हा मुंबईची बोट यायची. ती खाडीबाहेर खोल पाण्यात उभी राही, आणि माझा बाप धाकू तांडेल आपल्या पडावातून उतारू आणायचा-न्यायचा. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आडवा पडलेला. भरती असेल तर पडाव त्यावरून अलगद जाई, नसेल तर अडके, आणि अडकलेल्या पडावाला मागची लाट उलथी करी. म्हणून आमच्या वस्तीत पोरींना रांगोळीआधी भरतीचं गणित यायचं. माझी आई जात्यावर म्हणायची:

*तिथीची पाऊण, त्या गं वक्ताला भरती*
*वाट बघते मी सये, कंथ पडावावरती*

अष्टमी असली तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. पुनवेला सव्वाअकराला. गणित ढोबळ होतं. कधी अर्धा तास चुके, कधी तासभर. ज्या दिवशी माझे दोन चुलते दांड्यावर बुडून गेले त्या दिवशी ते तासभर चुकलं होतं.

मुकुंदशेट कारेकर जातीनं सोनार, पण सोन्यात त्यांचा जीव रमला नाही. आधी त्यांनी बेरजेची पेटी केली. मूठ फिरवली की नऊच्या पुढं गेलेलं चाक शेजारच्या चाकाला कोपरानं ढोसायचं आणि हातचा एक आपोआप पुढं सरकायचा. शाळेच्या मास्तरांनी ती तिसऱ्या दिवशी परत पाठवली. म्हणाले, "पोरं पाढे म्हणेनाशी झाली, शेट. तुमची पेटी तुम्हालाच लखलाभ." मग शेट दर्याच्या मागं लागले. विलायतेत मोठ्या बंदरांसाठी भरती सांगणारी यंत्रं आहेत, असं त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. "आपली खाडी लहान म्हणून तिला चंद्र वेगळा आहे का?" ते विचारायचे.

सागवानी चौकटीत त्यांनी सात पितळी चाकं बसवली होती. एक चंद्राचं, एक सूर्याचं, बाकीची त्या दोघांच्या जवळ येण्याची, लांब जाण्याची, कलण्याची. चाकागणिक एक कप्पी वरखाली व्हायची, आणि सगळ्या कप्प्यांवरून एकच रेशमी दोरी. दोरीच्या टोकाला पेन्सिल. मूठ फिरवली की कुणी चाक दोरी ओढी, कुणी सैल सोडी, आणि सगळ्यांची मिळून जी ओढ होई ती पेन्सिल कागदावर काढायची. उद्याची भरती, परवाची, पुढल्या शिमग्याची. वस्तीतल्या बायका बघायला आल्या आणि जाताना ओवी जुळवून गेल्या:

*पितळेच्या चाकावरी फिरे रेशमाची दोरी*
*दर्या उतरला कागदी, त्याची सापडली चोरी*

पण चाकांना खाडीची चाल शिकवायला खऱ्या पाण्याची मोजणी लागते. वर्षभर, रोज. ती माझ्याकडे होती. मी तेव्हा एकवीस वर्षांची. नवरा लग्नाच्या पहिल्याच साली तापानं गेला, आणि मी बापाकडे परत आले. चौथी शिकलेली होते. शेटनी एक जुनं घड्याळ दुरुस्त करून माझ्या हाती दिलं आणि नवलाई देवीच्या घाटावर, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांशी, फूट-इंच रंगवलेला खांब रोवला. दिवसाची भरती किती वाजता, पाणी कुठवर. ओहोटी किती वाजता, पाणी कुठवर. एवढंच लिहायचं. गावात आवडी म्हणजे "धाकूची परत आलेली पोर" होती. शेट मला "आमची मोजणीदार" म्हणायचे. त्या एका शब्दावर मी वर्षभर ताठ मानेनं चालले.

आणि त्या वर्षाच्या वहीतले अठ्ठेचाळीस दिवस खोटे होते.

त्या दिवसांत मी खांबाजवळ गेलेच नव्हते. घरी बसून आईची ओवी म्हणत तिथीची पाऊणपट काढली होती आणि मागच्यापुढच्या दिवसांकडे बघून फूट-इंच अंदाजानं भरले होते. दर महिन्याला चार दिवस. एवढ्या दर्यात चार थेंबांनी काय होतंय, असं वाटलं होतं.

"हे बघ," शेटनी भिंतीवरचा लांबलचक कागद दाखवला. यंत्रानं काढलेली वर्षभराची रेघ, आणि तिच्यावर माझ्या वहीतले ठिपके. बहुतेक ठिपके रेघेवर बसलेले, तारेवर पाखरं बसावीत तसे. जिथं बसत नव्हते तिथं त्यांनी तांबडी खूण केली होती. "तीन-साडेतीन आठवडे सगळं जुळतं. मग चार दिवस पाणी वेड्यासारखं वागतं. मग परत जुळतं. दर महिन्याला! आठ वर्षांत मला हे दिसलं नाही, तुझ्या वहीनं दाखवलं."

"पण शेट, ते..."

"थांब, ऐक. कधी सत्तावीस दिवसांनी येतं, कधी एकोणतिसाव्या. श्रावणात तर आलंच नाही."

श्रावणात मी हिवतापानं आडवी होते. तापातून उठून खांबाशी जायचे, पण तो महिना तसाच कोरडा गेला होता.

"हे चंद्राचंच काहीतरी लाजरं चालणं आहे," शेट म्हणाले. त्यांचे डोळे लहान मुलासारखे झाले होते. "विलायतेतल्या कागदांत नाही. कुणाला सापडलेलं नाही. म्हणून हे आठवं चाक. याला मी नाव ठेवलंय. आवडीचं चाक."

त्यांनी चाकाची मागची बाजू वळवून दाखवली. तिथं खरंच बारीक अक्षरांत माझं नाव कोरलेलं होतं. सोनाराचा हात, अक्षर मोत्यासारखं.

"रविवारच्या बोटीनं मुंबईहून पेमास्तर साहेब येणार आहेत. बंदरांचं बघतात ते. यंत्र पटलं तर पुढल्या वर्षाचं भरतीचं पत्रक छापतील, आणि खाडीतला प्रत्येक पडाव त्यावर चालेल. मग कुणी दांड्यावर नाही जायचं, आवडे."

रविवारला सात दिवस होते.

घरी आले तर बाबा शिडाला ठिगळ लावत होते. मी विचारलं, "बाबा, पत्रक छापलं तर तुमी त्याच्यावर पडाव काढणार?"

"काढणार म्हंजे! शेट जवा म्हनंल पानी हाय, तवा हाय. चाळीस वर्सं तिथी मोजून जीव मुठीत धरला. आता चाक मोजंल, मी बिडी वढत बसंन."

"आणि चाक चुकलं तर?"

बाबांनी सुई दातांत धरली आणि माझ्याकडे बघितलं. "तू मोजलंस ना गो बाय? मंग कसं चुकंल?"

चार दिवस मी रोज सांगायचं ठरवून गेले आणि रोज न सांगता परत आले. शेटनी आठवं चाक चौकटीत बसवलं. दोरी नव्यानं ओवली. मूठ फिरवताना सातांच्या मधे ते आठवं असं डौलात फिरायचं की बघवत नव्हतं. पेन्सिल जायची, रेघ हळूच फुगायची, आणि पुढल्या वर्षीच्या कागदावर ज्या वेळी दांड्यावर कमरेएवढंही पाणी नसणार त्या वेळी भरती चढायची. मी तारीख बघितली. बोटीचा दिवस होता.

पाचव्या दिवशी गेले तर काकू मागच्या पडवीत कोपऱ्यात बसलेल्या. वेगळं घोंगडं, वेगळा तांब्या. मातीचा. त्यांची सून चुलीशी होती, लांबून भाकरी सरकवत होती. काकू मला बघून म्हणाल्या, "लांबूनच बोल गो. मी आज बाहेरची."

मी अंगणातच खाली बसले आणि मला रडू फुटलं.

"अगो, काय झालं? धाकू बरा आहे ना?"

मग मी सांगितलं. सगळं सांगितलं. खांब देवीच्या घाटावर आहे. त्या चार दिवसांत बाईनं घाटाच्या पायरीला पाय लावायचा नाही. बाप रोज त्याच घाटावरून देवीचं नाव घेऊन पडाव लोटतो, मी कशी विटाळ घेऊन जाऊ? आणि शेटना कसं सांगू, की या चार दिवसांचं पाणी मी बघितलं नाही? म्हणून ओवीवरून आकडे भरले. दर महिन्याला. आणि त्याचं आता चाक झालंय.

काकूंचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. तोंडात पदर कोंबून, डोळ्यांतून पाणी येईतो.

"म्हणजे... म्हणजे ते चंद्राचं लाजरं चालणं... अगो बाई गं... माझा तांब्या त्यापायी गेला!"

"काकू, तुमी सांगा ना शेटना. तुमी घरातल्या."

हसू ओसरलं. काकूंनी डोळे पुसले आणि कोपऱ्यातल्या घोंगड्यावरून हात फिरवला.

"मी तीस वर्षं या कोपऱ्यात बसते, आवडे. दर महिन्याला चार दिवस. चंद्र कुठं कलला ते त्यांना कळतं. हे त्यांनी कधी मोजलं नाही. मी सांगून ते काय मोजणार? तू त्यांची मोजणीदार. तू सांग."

मी तशीच उठून कामाच्या खोलीत गेले. शेट चाकाला तेल घालत होते.

"शेट, काकू कुठं आहेत?"

"पडवीत असेल. का गो?"

"पडवीत का?"

त्यांनी माझ्याकडे चमकून बघितलं. असं कुणी विचारत नाही. "अगो, ते आपलं... बायकांचं. तुला काय सांगायचं."

"किती दिवस बसतात?"

"चार."

"किती दिवसांनी बसतात?"

ते बोलायला लागले आणि मधेच थांबले. तेलाची झारी हातात तशीच. एक थेंब पडला, दुसरा पडला. त्यांची नजर माझ्यावरून भिंतीवरच्या कागदाकडे गेली, तांबड्या खुणांवरून एकेक करत सरकत गेली. श्रावणापाशी थांबली.

"श्रावणात तुला ताप होता," ते म्हणाले.

मी मान खाली घातली.

"खांब घाटावर आहे."

"हो, शेट."

"म्हणजे हे चंद्राचं नाही."

"नाही, शेट. सात चाकं बरोबर होती. त्यांनी मला पकडलं."

ते स्टुलावर बसले. मग ते बोलले, आणि आवाज चढलेला होता. "वर्षभर, आवडे! मी आकड्यावर जीव टाकला. कोरी जागा सोडली असतीस! चुकीचा आकडा म्हणजे काय माहीत आहे तुला? तुझा बाप असता त्या दांड्यावर!"

"माहीत आहे."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"कसं सांगायचं होतं, शेट?"

ते खिडकीतून पडवीकडे बघू लागले, जिथून काकूंच्या हातातल्या बांगड्यांचा आवाज येत होता. काकू तांदूळ निवडत नव्हत्या, काही करायची त्यांना मुभा नव्हती. नुसत्या बांगड्या फिरवत असाव्यात.

शेटनी मळसूत्रं सैल केली आणि आठवं चाक बाहेर काढलं. माझ्यासमोर वही ठेवली, पेन्सिल ठेवली.

"खोड. माझ्या हातानं नको. तुझे दिवस तुला ठाऊक."

अठ्ठेचाळीस दिवस मी एकेक करून खोडले. ते शेजारी बसून तारीख वाचत होते, आणि प्रत्येक वेळी विचारत, "हा?" मी म्हणे, "हा." कुठल्याही पुरुषाशी मी असं कधी बोलले नव्हते आणि पुढंही कधी बोलले नाही. शेवटी शेवटी तर लाज कुठं गेली कळलं नाही. चाळिसाव्या वेळी ते "हा?" म्हणाले तेव्हा मी म्हटलं, "नाही, हा खरा. त्या दिवशी पाऊस होता, तरी गेले होते." तर ते म्हणाले, "शाबास."

रविवारी बाबांच्या पडावातून पेमास्तर साहेब उतरले. गोरेपान पारशी गृहस्थ, चाळिशी नाकाच्या टोकावर, पाटलोण गुडघ्यापर्यंत भिजलेली. आल्याआल्या त्यांनी यंत्राला एक फेरी घातली, मग कोट काढला आणि स्वतः मूठ फिरवली. सात चाकं फिरली. रेघ निघाली. त्यांनी खिशातून आपल्या बंदराचे कागद काढून ताडून पाहिलं, परत मूठ फिरवली, आणि म्हणाले, "कारेकर, हे तुम्ही एकट्यानं केलं?"

"माझ्या बायकोच्या भांड्यांनी केलं," शेट म्हणाले.

पडवीतून कुणीतरी खाकरलं.

मग साहेबांनी वही उघडली. मी दाराशी उभी होते. त्यांची बोटं पानांवरून चालत होती आणि खोडलेल्या जागांपाशी थबकत होती.

"हे काय? वर्षाचे पन्नासएक दिवस नाहीत."

"त्या दिवसांची मोजणी झाली नाही."

"का नाही झाली?"

मला वाटलं, आता माझं नाव. शेट म्हणाले, "खांब मी चुकीच्या जागी रोवला. तिथं रोज जाता येत नव्हतं, आणि हे मी विचारून घेतलं नाही. चूक माझी."

साहेबांनी चाळिशी वर सारली. "कोरी जागा खोट्या आकड्यापेक्षा बरी. पण इतक्या कोऱ्या जागांवर पत्रक नाही छापता येणार. पडावात माणसं असतात. आणखी एक वर्ष मोजा, एकही दिवस न चुकवता. मग मी स्वतः छापून देतो." ते उठले, कोट घालता घालता म्हणाले, "आणि मोजायला दुसरा माणूस ठेवा. रोज जाऊ शकेल असा."

"माणूस बदलायचा नाही," मुकुंदशेट म्हणाले. "खांब बदलतो."

साहेबांना त्यातलं काय कळलं देव जाणे. त्यांनी मान डोलावली. बोट चुकेल म्हणून बाबा घाई करत होते.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला शेट हातात छिन्नी-हातोडा घेऊन घाटाच्या पलीकडे गेले. तिथं काळा कातळ सरळ पाण्यात उतरतो. ना देऊळ, ना पायरी, कुणाचा उंबरठा नाही. आठ दिवस ते त्या कातळावर खपले. खांब रोवायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी कातळातच फूट आणि इंच कोरले. तळापासून वर, तेरा फुटांपर्यंत, सोनारी अक्षरांत. गावातल्या पुरुषांनी विचारलं, "शेट, घाटावरचा खांब काय वाईट होता?" तर ते म्हणायचे, "तिथून सगळं पाणी दिसत नाही."

पुढच्या महिन्यात माझे दिवस आले. सकाळी घड्याळ घेतलं, वही घेतली, आणि घाटाला वळसा घालून मागच्या वाटेनं कातळावर गेले. तर तिथं आधीच कुणीतरी बसलेलं. पदर डोक्यावर घेतलेला, पाय पाण्यात सोडलेले.

"काकू! तुमी इथं?"

"पडवीत पाय आखडले," गोदाकाकू म्हणाल्या. "म्हटलं, ह्यांनी आठ दिवस एवढं काय कोरलंय बघू तरी. बस. शिवलीस तरी चालेल, दोघी एकाच वर्गातल्या आज." त्यांनी हात धरून मला शेजारी बसवलं. तो हात गार होता, खारट वाऱ्यात भिजलेला. "कसं वाचतात गो हे?"

"लाट आली की नाही वाचायचं. लाट मागं जाते, पुढची यायची असते, त्या मधल्या क्षणाला पाणी थांबतं. तेव्हा वाचायचं."

काकू पुढं झुकल्या. एक लाट सोडली. दुसरी सोडली. तिसरीच्या मागं त्यांनी श्वास धरला.

"सात फूट... दोन इंच. चुकलं?"

"बरोबर."

मी घड्याळ बघून वेळ लिहिली, सात फूट दोन इंच लिहिलं, आणि पुढच्या रकान्यात, जिथं मोजणाऱ्याचं नाव असतं, तिथं लिहायला लागले. काकू खांद्यावरून बघत होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण अक्षर लांबत चाललं ते दिसलं.

"एवढं काय लिहितेस?"

"तुमचं नाव. गोदावरी मुकुंद..."

"पुढचं राहू दे," काकू म्हणाल्या. "ते घरी निजलेत. पाणी मी बघितलं."